तुम्ही कुठला पळस पाहिला?

वसंत ऋतूवर काही बोला, असा आकाशवाणीचा निरोप आला तेव्हा मला कोकिळा आठवली नाही, आंब्याचा मोहरही आठवला नाही. आठवलं ते एक पोस्टकार्ड.

१९९६ सालची गोष्ट. एका दिवाळी अंकात माझी कविता छापून आली होती. मी तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेला, मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि आपल्याला शब्द वश आहेत अशा समजुतीत असलेला कवी होतो. कवितेत पळसाच्या गंधानं वेडावलेली एक वाट होती. मित्रांनी पाठ थोपटली. एका संमेलनात ती ओळ मला दोनदा म्हणायला लावली. आणि मग संक्रांतीच्या सुमाराला ते पोस्टकार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं, पण ठाम. मजकूर असा होता :

‘कवीसाहेब, तुमची कविता वाचली. चाल चांगली आहे. आम्ही पत्रावळी लावतो. लहानपणापासून पळसातच आहे. पळसाला वास नसतो. तुम्ही कुठला पळस पाहिला?’

खाली एका बाईंचं नाव आणि गावाचं नाव. बाकी काही नाही.

आधी मला राग आला. कवितेला असे प्रश्न विचारायचे नसतात, कवितेतलं सत्य निराळं असतं, वगैरे जे काही अशा वेळी आम्ही लोक बोलतो ते मी मनातल्या मनात बोलून घेतलं. मग ते कार्ड एका पुस्तकात खुपसून ठेवलं. उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ असा त्या शब्दाचा अर्थ लावतात, हे मला ठाऊक होतं. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, ही म्हण ठाऊक होती. प्लासीची लढाई ज्या गावाजवळ झाली त्या पलाशीला पळसावरूनच नाव पडलं, हेही वाचलं होतं. फक्त पळसाचं फूल नाकाशी धरलेलं नव्हतं.

लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो ना, तसा आमच्याकडे फुलांचा एक डबा असतो. बकुळ, पारिजात, केवडा, पळस, पांगारा. चिमूटभर घ्यायचं आणि ओळीवर भुरभुरायचं. डब्यातली वस्तू कुठल्या झाडाची, कुठल्या महिन्यातली, याची चौकशी कोण करतो? एखादी पत्रावळी लावणारी बाई करते.

पंधरा वर्षं ते कार्ड पुस्तकात राहिलं. दर दोन-तीन वर्षांनी ते पुस्तक उघडलं की कार्ड खाली पडायचं. शेवटी २०११ च्या मार्च महिन्यात मी ठरवलं, की आता रानातली फुलं स्वतः जाऊन पाहायची. आमच्या साताऱ्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं आहे, आणि समर्थ मंदिराच्या पुढं गेलं की यवतेश्वरचा घाट लागतो. मला सोबत मिळाली ती आबांची. आबा म्हणजे वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. शिक्षण जेमतेम सातवी. झाडांची शास्त्रीय नावं त्यांना येत नव्हती, पण कुठलं झाड कुठल्या वळणावर आहे आणि ते यंदा आठ दिवस आधी फुललं की नंतर, हे येत होतं.

निघण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट बजावली. म्हणाले, “खाली बघत चालू नका. आपला वसंत वर असतो.”

हे मला नवीन होतं. फुलं बघायला जायचं म्हणजे हिरवळीवर पसरलेले फुलांचे गालिचे बघायला जायचं, असंच चित्र माझ्या डोक्यात होतं. तसे गालिचे आमच्याकडेही असतात, पण ते भाद्रपदात, पावसाळा सरता सरता, कासच्या पठारावर. २०१२ साली कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून तर तिकडं गर्दीच गर्दी. फाल्गुन-चैत्रात मात्र त्याच डोंगरांवर जमीन पार करपलेली असते. गवत पिवळं पडून मोडलेलं, ओढे कोरडे, पायाखाली धूळ. अशा वेळी फुलतात ती झाडं. आणि तीही कशी, तर अंगावर एक पान न ठेवता. पाणी कमी म्हणून पानं गाळायची, पानं नाहीत म्हणून फूल लांबून दिसायचं, ते पाखरांना आणि माश्यांना सापडायचं, आणि मे-जूनपर्यंत बी तयार होऊन पहिल्या पावसाच्या तोंडावर जमिनीत पडायचं. असा तो सगळा हिशेब आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण झाडं माघ संपतानाच कामाला लागलेली असतात. पाडव्याला गुढी उभारून मग फुलं बघू म्हणणाऱ्याला सावर आणि पळस बहुतेक खाली पडलेलेच भेटतात.

आबांचं ऐकूनही मी सवयीनं खालीच बघत होतो, म्हणून घाट लागायच्या आधी रस्त्याच्या कडेची बारकी मंडळी दिसली. दगडीपाला तर होताच. लांब दांड्यावर एकच पिवळं-पांढरं फूल, म्हणून त्याला एकदांडीही म्हणतात. लहानपणी गुडघा फुटला की ह्याचाच पाला दगडानं ठेचून लावायचो. भुईरिंगणी होती. सगळ्या अंगाला काटे, पानांनासुद्धा काटे, आणि मध्ये जांभळं, नाजूक, पिवळ्या गाभ्याचं फूल. पिवळा धोतरा होता. रेशमासारख्या पाकळ्यांचा हा देखणा पाहुणा मूळचा मेक्सिकोचा. ह्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात भेसळ होऊन लोक दगावले आहेत. १९९८ साली दिल्लीत तशी मोठी साथ आली होती. दगडीपालासुद्धा मूळचा अमेरिकेतलाच. आपल्या बालपणाच्या जखमा ज्यानं भरल्या तो परदेशी निघावा, याची मला गंमत वाटली.

घाटाच्या पहिल्या वळणांवर उतार गुलाबी दिसत होता. मी थांबून वाहवा केली. आबा म्हणाले, “ती उंदीरमारी. आम्हीच लावली.” ते गिरिपुष्प. हेही मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या डोंगरांवर लावलं गेलं. नाव गिरिपुष्प ठेवलं की ते आपलं वाटतं, उंदीरमारी म्हटलं की नाही वाटत. हल्ली पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात आणि जपानातल्यासारखं वाटतं म्हणतात. मी त्यांना हसत नाही. मीही वाहवा केलीच होती.

पुढं एका घळीच्या तोंडाशी काटेसावर भेटली. तिला ‘भेटली’च म्हणायला हवं, इतकी ती मोठी आणि एकटी उभी होती. सगळ्या फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांनी पसरलेल्या, आणि प्रत्येक फांदीवर तळहाताएवढी लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं. आम्ही खाली उभे असतानाच एक फूल पडलं. चक्क धप्प असा आवाज झाला. फूल पडल्याचा आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं. मराठी कवितेत फुलं नेहमी अलगद गळतात. सावरीचं फूल आंबा पडावा तसं पडतं. झाडावर साळुंक्यांची भांडणं चालली होती, एक खार फुलात पूर्ण डोकं घालून बसली होती. उन्हाळ्यात ह्याच फुलांची बोंडं होऊन फुटतात आणि त्यांतला कापूस वाऱ्यावर सुटतो. तो उशांत भरतात. आबा म्हणाले, त्यांच्या आईनं भरलेली सावरीची उशी अजून त्यांच्या घरात आहे.

आणि मग पळस.

एका उतारावर पाच-सहा झाडं होती. वेडीवाकडी खोडं, पळसाचं खोड कधी सरळ नसतंच. फांद्यांना पान नाही. काळपट मखमली कळ्या, आणि त्यांतून बाहेर आलेली केशरी फुलं, चोचीसारखी वाकलेली. तो किंशुकाचा पोपट मला अखेर दिसला. आबांनी एक ताजं पडलेलं फूल उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “घ्या. काय ते एकदा बघा.”

मी वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. ओल्या देठाचा असतो तेवढाच, बाकी काही नाही.

“ह्याचं गिऱ्हाईक पाखरू,” आबा म्हणाले. “पाखराला वासाचं काय? त्याला लांबनं रंग दिसला पायजे आन् चोच घातली की मध लागला पायजे. वास देऊन ह्यानं खर्च कशाला करायचा?” मी पुढं पुस्तकांतून पडताळून पाहिलं. शास्त्रज्ञही हेच सांगतात, जरा जास्त शब्द वापरून. पाखरं ज्या फुलांवर येतात ती बहुधा लाल-केशरी, मधानं भरलेली आणि बिनवासाची असतात. ज्यांना रात्रीचे पतंग हवे असतात ती पांढरी आणि सुवासिक. त्या सकाळी पळसावर साळुंक्या होत्या, बुलबुल होते, एक कोतवाल होता आणि शिंजिरांची सारखी ये-जा चालली होती. आम्ही अर्धा तास बसलो, तेवढ्यात दुकान एकदाही रिकामं झालं नाही.

म्हणजे त्या बाई बरोबर होत्या. पंधरा वर्षांनी का होईना, ते मी नाकानं मान्य केलं.

पण मंडळी, तिथं बसल्या बसल्या वारा फिरला आणि मला वास आला. गोड, दाट, थोडासा जाईसारखा. मी चमकलो, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. ज्या वासावर मी ती ओळ लिहिली होती, तोच तो वास. मी आबांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मी उठून पळसाखाली हुंगत हुंगत फिरू लागलो. आबा हसत होते. म्हणाले, “डोळ्यानं वास हुडकताय व्हय? वर नगा बघू. आता खाली बघा.”

पळसाच्या बुंध्यापासून चार हातांवर करवंदीची जाळी होती. तिच्यावर बारीक पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं गच्च भरलेली. लांबून दिसत नव्हती, कारण डोळे सगळे वरच्या केशरी रंगानं भरून गेलेले. मी फांदी जवळ ओढली, काटा बोटात गेला, आणि तो वास थेट आला.

मी खालीच बसलो.

त्याचं कारण सांगायचं तर मला १९७८ च्या आसपास जावं लागेल. माझे अब्बा बांगड्यांचा व्यवसाय करायचे. फाल्गुन ते वैशाख म्हणजे लगीनसराई, त्यांच्या कमाईचे दिवस. ज्या वाड्यावस्त्यांवर एसटी पोचत नव्हती तिथं ते पायी जात. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, हातात पेटी. शाळेला सुट्टी असली की मलाही नेत. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझ्याकडे फिरकीचा तांब्या आणि भाकरीची फडकी असे. लग्नाचा चुडा हिरवा, त्यामुळं त्यांच्या खांद्यावर मुख्यतः हिरवाच माल. मागून चालताना मला दिसायचं, की सगळा डोंगर वाळून कोळ झालाय आणि हिरवं असं जे काही आहे ते अब्बांच्या खांद्यावर आहे, आणि ते किणकिणत चाललंय.

एकदा आम्ही दुपारच्या आधी एका लाल-केशरी झाडाखाली टेकलो. अब्बांनी माळा आधी हळूच उतरवल्या, माल काचेचा, मग स्वतः बसले. तेव्हा हा वास आला होता. मी विचारलं, “अब्बा, हा कशाचा वास?” अब्बांनी भाकरी मोडता मोडता मान वर केली, ते पेटलेलं झाड पाहिलं आणि म्हणाले, “ह्याचाच असंल.”

एवढंच. ह्याचाच असंल. त्या दोन शब्दांवर मी पुढं आयुष्यभर पळसाला सुगंध आहे असं धरून चाललो. म्हणजे माझ्या कवितेतली चूक माझी नव्हतीच. वास खरा होता, वाट खरी होती, झाडही खरं होतं. फक्त वासाचा मालक चुकला होता, आणि तो अब्बांनी चुकवला होता.

अब्बांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आता पंचाईत अशी, की आत्तापर्यंत ती ओळ दुरुस्त करणं म्हणजे स्वतःची चूक सुधारणं होतं. तिला मी तयार झालो होतो. पण ती चूक अब्बांची आहे हे कळल्यावर ओळीला हात लावावासा वाटेना. अब्बांच्या तोंडचे किती शब्द माझ्याकडे नेमके उरले आहेत? थोडेच. त्यांतले हे दोन. ते खोडायचे?

त्या दिवशी बाकीचं जे पाहिलं ते थोडक्यात सांगतो, कारण माझं लक्ष उडालं होतं. घाट चढताना धायटी लागली. झुडुपाच्या काटक्यांवर ओळीनं लाल नळ्या. हिची फुलं वैद्यमंडळी आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात. गुराखी पोरं ती उपटून नुसती चोखतात. आबांनी चोखून दाखवली, मीही चोखली. गोडसर लागली. एका वाळक्या झाडावर कुसरीचा वेल चढला होता. कुसर म्हणजे रानजाईच, पांढरीशुभ्र, लांबट अरुंद पाकळ्यांची, आणि झाड मेलेलं असलं तरी ते फुललंय असं वाटावं इतकी बहरलेली. यवतेश्वराच्या देवळापाशी चहा घेतला आणि वर जाणाऱ्या एका जीपनं आम्हाला पुढं कासला नेलं. पठारावर कुत्रं नव्हतं. ज्या जांभ्यावर भाद्रपदात पाय ठेवायला जागा नसते तिथं नुसता तपकिरी दगड आणि वारा. पण तळ्याच्या बाजूच्या गर्द झाडीत अंजनी फुलली होती. हे झाड मात्र सदाहरित, पानं गाळत नाही. त्याच्या काळपट फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ चिकटलेले असतात. फांदीवर कुणीतरी निळीची पूड फेकली आहे असं वाटतं. अंजनी नुसती बघायला मार्चमध्ये कासला जावं. तिकडं त्या दिवसांत कुणी जात नाही, आणि हे मी इथं सांगून टाकलं ही चूकच झाली.

घरी आल्यावर मी अम्मीला सगळं सांगितलं. पोस्टकार्ड, पळस, करवंद, अब्बांचे ते शब्द. मला वाटलं तिला भरून येईल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुझ्या अब्बाला फुलांतलं काय कळत होतं? काचेतलं कळत होतं. तू त्यांना बांगडी विचारायची होतीस.” आणि थोड्या वेळानं, खडा बाजूला काढत, “त्यांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःच बदललं असतं. फुटका माल कधी कुणाच्या हातात भरला नाही त्यांनी.”

पुढं संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ‘पळसाच्या’ काढून ‘करवंदीच्या’ केलं. कवितेच्या जाणकारांना लगेच कळेल, दोन मात्रा वाढल्या. ओळ लंगडते. ती तशीच ठेवली. कार्यक्रमांत अजूनही कुणीतरी उठून म्हणतं, ती जुनी पळसाची ओळ म्हणा. एकदा एक प्राध्यापक म्हणाले, की करवंदी म्हटलं की टोपली घेऊन बसलेली बाई डोळ्यांपुढं येते, काव्य येत नाही. मी म्हटलं, मला तर त्या बाईचंच पत्र आलं होतं, फक्त तिच्या टोपलीत पत्रावळी होत्या. ते त्यांना कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

पोस्टकार्डावरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. नाव, गाव, तालुका. पंधरा वर्षांनी. पत्र परत आलं नाही, उत्तरही आलं नाही.

तेव्हापासून दर मार्चला आम्ही त्या उताराला जायचो. तीन वर्षांनी, २०१४ साली गेलो तर उतार काळा होता. वणवा लागून दोन-तीन दिवस झाले असावेत. पायाखाली राख, मधूनच धुमसणारं एखादं खोड, आणि सगळीकडे तो करपट वास, जो घशात बसतो. आमच्या डोंगरांवर हे दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं होतं. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, अशी एक समजूत आहे. कुणी विडी टाकतं, कुणी मजा म्हणून काडी लावतं. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचे पट्टे आधीच साफ करतात, म्हणजे आग पुढं सरकू नये. आबांनी उमेदीची वर्षं त्यात घालवली होती. हातात ओल्या फांद्या घेऊन रात्र रात्र आग झोडपली होती. त्या दिवशी ते एका दगडावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “गवत येतं हो. गवताला काय. पण ह्यात रोपं किती गेली, ते कोण मोजणार?”

पळस जगले होते. त्यांची साल जाड, आणि वरून जळाले तरी बुडातून पुन्हा फुटण्याची त्यांची ताकद मोठी. एक-दोन झाडांवर तर वरच्या फांद्यांना फुलंही होती. खाली काळं, वर केशरी, आणि कुणी लांबून पाहिलं असतं तर फोटो काढला असता. करवंदीची जाळी मात्र नव्हती. चार काळे खुंट होते. मी वाकून त्यांना हात लावला, बोटं काळी झाली.

पुढच्या वर्षी खुंटांच्या बुडातून कोवळी पानं आली होती, तांबूस, काट्यांसकट. फुलं नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी गुरांनी की बकऱ्यांनी शेंडे खाल्लेले दिसले. मग एकदा मला जमलं नाही, मग टाळेबंदीचं वर्ष आलं, मग आबांचे गुडघे गेले. आता ते घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि समोर दिसेल तेवढाच डोंगर बघतात.

यंदाच्या मार्चमध्ये मी एकटाच गेलो. माझंही वय आता चढावर थांबत थांबत जाण्याचं झालं आहे. पळस फुलले होते, साळुंक्या भांडत होत्या. ती जाळी गुडघ्याच्या वर आलेली दिसली. मी वर पाहण्याआधी खाली पाहिलं. पानांच्या आत, काट्यांच्या आडोशाला, फुलांचे थोडेच झुबके होते. मी जवळ बसलो. वारा पडला होता, बराच वेळ काही कळेना. मग एक झुळूक आली.

तिथूनच आबांना फोन लावला. डोंगरावर हल्ली रेंज येते. त्यांनी जाळी केवढी झाली ते विचारलं, गुरं फिरकतात का विचारलं, औंदा कुठं जळलंय का विचारलं. मग म्हणाले, “वास आला का?”

“आला,” मी म्हटलं.

“कशाचा?”

“करवंदीचा.”

“हां,” आबा म्हणाले, “आता या खाली. ऊन व्हायच्या आत.”